हातात फक्त हँडी असताना व्हीएचएफ-मायक्रोवेव्ह परिषदेला जावे का?

प्रश्न फोंड्याच्या एका नव्या हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मित्राचा आहे. थोडक्यात असा: "एएसओसी ही हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा पास झालो, कॉलसाइन (रेडिओवरचे ओळखचिन्ह) मिळून काही महिने झाले. माझ्याकडे पाच वॅटची एक हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ आहे, बाकी काही नाही. नोव्हेंबरात पणजीला व्हीएचएफ आणि मायक्रोवेव्हवाल्यांची, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सींवर काम करणाऱ्यांची दोन दिवसांची विभागीय परिषद आहे. वेर्ण्याला नोकरी करतो, शनिवारची रजा टाकावी लागेल. तिथे सगळे दहा गिगाहर्ट्झच्या गोष्टी करणार. मला काही कळेल का? की आधी थोडे सामान जमवावे आणि पुढच्या वर्षी जावे?"

रजा टाका आणि जा. यंदाच जा.

तुम्ही विचारले आहे "कळेल का", पण तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. आधी सामान, मग माणसे, असा क्रम तुम्ही मनात धरला आहे. एचएफवर, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सींवर, तो चालतो. आंब्याच्या झाडाला डायपोल (साधी तारेची अँटेना) बांधला, रिग (रेडिओसंच) जोडली, बँड उघडा असला की जगात कुठे ना कुठे कोणीतरी सापडतेच. आपली अँटेना अर्धवट असली तरी आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा सिग्नल परतवणारा वरचा थर, सांभाळून घेते. १४४ मेगाहर्ट्झच्या वर, आणि विशेषतः मायक्रोवेव्हला, दोन गोष्टी एकट्याने होत नाहीत. एक म्हणजे आपले सामान खरोखर कसे चालते ते मोजणे, आणि दुसरी म्हणजे समोरच्या टोकाला, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर अँटेना आपल्याकडे वळवून बसलेला माणूस. अशा परिषदा भरतात त्या या दोन गोष्टींसाठी. व्याख्याने त्यानंतर येतात. म्हणून सामान जमवायच्या आधी गेलात तर उलट पैसे वाचतील.

एक गोष्ट मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. कार्यक्रमपत्रिका मागवून घ्या आणि तीत मोजमापाला वेळ दिला आहे का ते बघा. अमेरिकेतल्या सेंट्रल स्टेट्स व्हीएचएफ सोसायटीच्या वार्षिक परिषदेत लोकांनी आणलेल्या अँटेनांचा गेन (सिग्नल एका दिशेला किती एकवटतो ते) आणि प्रीअँपचा, म्हणजे रिसीव्हरच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा, नॉइज फिगर (तो स्वतः किती गोंगाट घालतो ते) मोजून देण्याची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे हे दर वेळी होतेच असे नाही. पत्रिकेत दिसले नाही तर आयोजकांना फोन करून सरळ विचारा: "अँटेना मोजायची सोय आहे का? कोणी व्हीएनए, स्पेक्ट्रम ॲनालायझर आणणार आहे का?" उत्तर हो असेल तर दोन्ही दिवस जा. नुसती भाषणे आणि सत्कार असतील तर एक दिवस पुरे, आणि तोही जेवणाच्या सुट्टीत लोकांना भेटता येईल असा निवडा.

मोजमापावर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. नॅनोव्हीएनए हे अँटेना तपासायचे छोटे यंत्र आता बऱ्याच जणांकडे असते. त्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचे माप, १ म्हणजे उत्तम) १.२ दिसला की माणूस खूश होतो. पण डमी लोडचा, म्हणजे सगळी शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या रोधकाचा, एसडब्ल्यूआर त्याहूनही चांगला असतो, आणि डमी लोडमधून हवेत काहीच जात नाही. अँटेनाने सिग्नल किती दूर आणि कोणत्या दिशेला फेकला, हे एसडब्ल्यूआर सांगत नाही. ते मैदानावर, ओळखीच्या गेनच्या संदर्भ-अँटेनाशी तुलना करूनच कळते. मैदानाच्या एका टोकाला बारीक सिग्नल सोडणारा स्रोत ठेवतात. दुसऱ्या टोकाला आधी संदर्भ-अँटेना धरून मीटरचा आकडा लिहून घेतात, मग त्याच जागी, त्याच उंचीवर तुमची अँटेना. फरक जेवढा, तेवढी तुमची अँटेना चांगली किंवा वाईट. जमिनीवरून परावर्तन होते, त्यामुळे उंची थोडी बदलली तरी आकडा हलतो, म्हणून हे काम अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली व्हावे लागते.

अशाच एका मोजणीत एका मुलाने ४३५ मेगाहर्ट्झची तीन एलिमेंटची यागी, म्हणजे एका बूमवर तीन दांड्या लावलेली दिशादर्शी अँटेना, आणली होती. बूम पीव्हीसी पाइपचा, एलिमेंट पितळी ब्रेझिंग रॉडचे, सोल्डरिंग नीटनेटके. एसडब्ल्यूआर उत्तम. पण मीटर काही चढेना. बघणाऱ्यांपैकी एकाने काही न बोलता फक्त केबल हातात घेतली. ती ड्रिव्हन एलिमेंटपासून (केबल जोडतात त्या दांडीपासून) सरळ खाली, एलिमेंटना समांतर लोंबत होती. त्याने ती बूमच्या कडेने मागे, रिफ्लेक्टरच्याही (सगळ्यात मागच्या दांडीच्याही) पलीकडे नेली आणि तिथून खाली सोडली. मीटर लगेच वर गेला. अँटेना तीच आणि एसडब्ल्यूआरही जवळजवळ तोच. तो मुलगा ही गोष्ट आयुष्यात विसरणार नाही, आणि ती त्याला घरी बसून कधी कळली नसती, कारण घरी त्याच्याकडे दाखवणारा मीटरच नव्हता.

म्हणून माझा पहिला सल्ला: रिकाम्या हाताने जाऊ नका, पण विकत घेतलेली वस्तूही नेऊ नका. पुढच्या काही रविवारी ४३५ मेगाहर्ट्झची तीन एलिमेंटची यागी स्वतः करा. तरंगलांबी सुमारे ६९ सेंटीमीटर, म्हणजे सगळ्यात लांब एलिमेंट साधारण ३४ सेंटीमीटरचा. स्कूटरच्या पुढच्या जागेतही मावते. तिचा गेन डायपोलपेक्षा पाच-एक डीबी (तीन डीबी म्हणजे दुप्पट शक्ती) जास्त आला तर ती चांगली झाली असे समजा. तीन एलिमेंटमधून बारा डीबी मिळाल्याचा दावा कुठे वाचलात तर विश्वास ठेवू नका.

नॉइज फिगरचे टेबल असेल तर तिथे नुसते उभे राहून ऐका. तुमच्याकडे प्रीअँप नाही याची अडचण नाही. लोक "अर्धा डीबी" असा शिक्का असलेले प्रीअँप घेऊन येतात आणि मोजल्यावर दीड-दोन निघतो, कधी एखाद्या ढिल्या अडॅप्टरमुळे. तिथे दोन गोष्टी डोळ्यांसमोर स्पष्ट होतात. पहिली, रिसीव्हरच्या साखळीत पहिल्या टप्प्याचा गोंगाट सगळ्यात महत्त्वाचा असतो, आणि त्याच्या आधी केबलमध्ये जितके डीबी गेले ते जसेच्या तसे नॉइज फिगरमध्ये मिळवावे लागतात. म्हणून प्रीअँप खोलीत नाही, खांबावर अँटेनाला चिकटून असावा लागतो. दुसरी, हे सगळे बँडवर अवलंबून आहे. १४४ मेगाहर्ट्झवर फोंड्यासारख्या गावात विजेच्या तारा, इन्व्हर्टर, एलईडी दिवे यांचाच आवाज इतका असतो की प्रीअँपचा अर्धा डीबी शोधण्यात अर्थ नाही. १२९६ मेगाहर्ट्झ किंवा १० गिगाहर्ट्झवर मात्र डीबीचा दहावा भागही मोलाचा ठरतो.

केबलचेही तसेच. आरजी-५८ केबल वीस मीटर टाकली तर ४३५ मेगाहर्ट्झवर सहा ते आठ डीबी वाटेतच जातात. म्हणजे तुमच्या पाच वॅटपैकी जेमतेम एक वॅट अँटेनापर्यंत पोचतो. हँडीतून निघालेली शक्ती तुम्ही पाहता, अँटेनाला मिळालेली नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल. मायक्रोवेव्हला तो का लागतो, ते आकड्यांत पाहा. दहा गिगाहर्ट्झवर साठ सेंटीमीटरच्या डिशचा गेन ३३-३४ डीबी असतो, आणि तिचा झोत सुमारे साडेतीन अंशांचा. दोन्ही टोकांना असा साडेतीन अंशांचा झोत एकमेकांवर टेकवायचा. त्यात फ्रिक्वेन्सी: तुमचा ऑसिलेटर दहा लाखांत एका भागाने चुकला तर १४४ मेगाहर्ट्झवर फक्त १४४ हर्ट्झचा फरक पडतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. दहा गिगाहर्ट्झवर तोच फरक दहा किलोहर्ट्झचा होतो. एसएसबीचा, म्हणजे आवाजाच्या अरुंद प्रसारणाचा, सिग्नल जेमतेम पावणेतीन किलोहर्ट्झ रुंद. समोरचा माणूस बोलत असतो आणि आपण शेजारच्या रिकाम्या जागेत कान लावून बसलेलो असतो. म्हणून मायक्रोवेव्हवाले जीपीएसने बांधलेला संदर्भ वापरतात, आणि म्हणून ते आधी मोबाइलवर किंवा दोन मीटरच्या (१४४ मेगाहर्ट्झच्या) बँडवर बोलून सगळे ठरवतात. इथे "सीक्यू (कोणी आहे का, अशी हाक) देऊन बघू" हा प्रकार नाही.

गोव्यात तर या खेळाला जागा फार सुंदर आहे. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला घाट, दोन्ही हाताशी. दोना पावलाच्या पठारावर पन्नास मीटर उंची धरली तर रेडिओ क्षितिज सुमारे २९ किलोमीटर येते. उंचीचे वर्गमूळ मीटरमध्ये घ्या, ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतात. चोर्ल्याकडे आठशे मीटरवर गेलात की तेच ११६ किलोमीटर. दोना पावलाहून उत्तरेला मालवण आणि दक्षिणेला कारवार दोन्ही किनाऱ्याच्या कडेने साधारण ऐंशी किलोमीटरच्या आत आहेत. दोन्ही टोके पन्नास मीटर उंच धरली तरी सरळ दृष्टिरेषा सुमारे ५८ किलोमीटरपर्यंतच पोचते. म्हणजे हा मार्ग नेमका क्षितिजापलीकडचा, आणि डक्टिंग (हवेच्या थरांत अडकून सिग्नल दूर जाणे) आहे की नाही हे त्यावर छान तपासता येते. समुद्रालगतच्या ओलसर हवेवर कोरडी, गरम हवा पसरली की तिच्या आणि पाण्याच्या मध्ये व्हीएचएफ-मायक्रोवेव्हला वाट मिळते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर हजार मैलांपलीकडच्या अरबस्तानातून प्रतिध्वनी आले होते. उन्हाळ्यात हे जास्त, पावसाळा लागला की बंद. तुमच्या परिषदेच्या नोव्हेंबरात पाऊस सरलेला असेल, तेव्हा या विषयावर एखादे व्याख्यान असलेच तर ते चुकवू नका. बाकी कुठलेही चुकले तरी चालेल.

घाटाकडची गोष्ट उलटी. फोंडा ते बेळगाव सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये सह्याद्री. १४४ मेगाहर्ट्झ डोंगराच्या कडेवरून थोडेफार वाकते, दहा गिगाहर्ट्झ फार कमी. पण पावसाळ्यात घाटावर मोठा पाऊस कोसळत असतो तेव्हा दोन्ही बाजूंनी डिश त्या ढगाकडे वळवली तर थेंबांवरून विखुरलेला सिग्नल मिळू शकतो. त्याचा स्वर स्वच्छ नसतो, थेंबांच्या हालचालीमुळे फाटल्यासारखा खरखरीत येतो. बेळगाव किंवा कोल्हापूरकडचे कोणी परिषदेला आले तर त्यांच्याशी आधी ओळख करून घ्या. तुम्ही डोंगराच्या अलीकडे, ते पलीकडे. अशी जोडी सहजी जमत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी तुम्हाला कोणी सांगितली नसेल. व्हीएचएफवाले अंतर आणि ठिकाण ग्रिड लोकेटरने, म्हणजे जगाच्या नकाशावर आखलेल्या चौकोनांच्या नावांनी मोजतात. पणजी, म्हापसा, मडगाव, डिचोली हे सगळे एमके६५ मध्ये येतात. दोन चौकोनांची रेषा ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि फोंडा त्या रेषेच्या किंचित पूर्वेला, म्हणजे एमके७५ मध्ये. पणजीवाल्याला फोंड्याचा माणूस मिळाला की त्याला शेजारच्या तालुक्यातच नवा ग्रिड मिळतो. घराचे नेमके रेखांश नकाशावर पाहून घ्या आणि नावाच्या बिल्ल्यावर कॉलसाइनखाली ग्रिड लिहा. तुम्ही "माझ्याकडे काहीच नाही" म्हणता, पण तुमचा पत्ताच लोकांना हवा असतो.

हँडीशिवाय ऐकण्याजोगे काही दाखवले जात असेल तर क्यूओ-१०० चे टेबल शोधा. एस'हेल-२ हा भूस्थिर उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडला गेला. तो २५.९ अंश पूर्वेला आहे आणि त्यावर हॅम लोकांचे ट्रान्सपाँडर (सिग्नल झेलून परत पाठवणारी यंत्रे) आहेत, त्यांनाच क्यूओ-१०० म्हणतात. गोव्यातून तो सुमारे २५६ अंश दिगंशाला, क्षितिजावर ३३ अंश उंच दिसतो. म्हणजे पश्चिमेकडे, किंचित नैर्ऋत्येला, समुद्राच्या बाजूला. माडांची राई आडवी नसेल तर अंगणातूनही मिळतो. त्याचा अरुंद बँड १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून वर येतो. जुनी डीटीएचची डिश, तिच्या तोंडाशी बसणारा पीएलएल (फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारे सर्किट) असलेला युनिव्हर्सल एलएनबी आणि संगणकाला लावायची स्वस्तातली एसडीआर रिसीव्हर डोंगल एवढ्यावर तो ऐकू येतो. एलएनबीचा ऑसिलेटर ९७५० मेगाहर्ट्झ, तो वजा होतो, म्हणून डोंगल ७४० मेगाहर्ट्झच्या आसपास लावायची. उभ्या पोलरायझेशनसाठी (लहरी उभ्या की आडव्या, त्यातल्या उभ्यांसाठी) एलएनबीला १३-१४ व्होल्ट द्यायचे, १८ नाही. मायक्रोवेव्हशी पहिली ओळख करून घ्यायला माझ्या मते याहून चांगला मार्ग नाही, आणि डिश सोडली तर ऐकण्यापुरते याचे सगळे सामान एका लहान पिशवीत बसते. प्रसारणाचा विचार मात्र आपल्या परवान्याच्या परिशिष्टात ती फ्रिक्वेन्सी आहे का हे वाचूनच करा.

आपल्याकडे उपग्रहांची आवड नवी नाही हेही तिथे कळेल. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ वरून हॅमसॅट सोडला होता, व्हीओ-५२ नावाने जगभरचे हॅम तो वापरत, आणि २०१४ पर्यंत तो चालला. जुन्या लोकांना त्याबद्दल विचारा, ते मनापासून सांगतात.

जुन्या सामानाच्या टेबलापाशी काय घ्यावे, हे थोडक्यात. एन आणि एसएमए कनेक्टर, अडॅप्टर, चांगल्या केबलचे कनेक्टर लावलेले तुकडे, ५० ओमचा टर्मिनेशन: हे घ्या, आयुष्यभर लागतात. ज्यांना आपण यूएचएफ कनेक्टर म्हणतो ते पीएल कनेक्टर ४३५ मेगाहर्ट्झवर टाळा. किती वॅटचा हे विकणाऱ्यालाच माहीत नाही असा ॲम्प्लिफायर घेऊ नका. पीएलएल नसलेला जुना एलएनबी घेऊ नका, ऊन चढले की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. केबल घेताना टोकाचे आवरण थोडे सोलून जाळी बघा. गोव्याच्या खाऱ्या हवेत ती काळी किंवा हिरवट पडलेली असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ठेवून द्या.

हँडी न्या, पण दोन पथ्ये पाळा. स्वस्त हँडी १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ कुठेही प्रसारण करू शकतात. आपला बँड १४४ ते १४६ आहे. मुरगाव बंदर जवळ आहे, जहाजांचा संकटकालीन चॅनल १६ हा १५६.८ मेगाहर्ट्झवर चालतो, आणि दाबोळीला नौदलाचा तळ आहे. प्रसारण आपल्या बँडपुरतेच राहील अशी सेटिंग घरीच करून घ्या. दुसरे, सभागृहात कमी शक्तीवर ठेवा. एका खोलीत पंचवीस हँडी असल्या की एकाच्या प्रसारणाने बाकीच्यांचे कान बंद होतात. परवान्याची प्रत खिशात असू द्या, आणि परवान्यातल्या पत्त्याबाहेरून प्रसारण करण्याच्या अटी आधी वाचून घ्या.

व्याख्यानांत अर्ध्याहून अधिक डोक्यावरून जाईल. जाऊ द्या. वहीत फक्त न कळलेले शब्द लिहा, आणि चहाच्या वेळी वक्त्याकडे जाऊन त्यांतला एकच शब्द विचारा. एकच नेमका प्रश्न घेऊन आलेल्या नवख्याला हे लोक वेळ देतात, कागदावर आकृती काढून देतात. "मायक्रोवेव्ह कसे सुरू करू?" असे विचाराल तर उत्तर मिळणार नाही, कारण त्याचे उत्तर एका चहात मावत नाही. "माझ्या घरून पूर्वेला डोंगर आहे, ४३५ वर बेळगाव मिळेल का?" असे विचाराल तर दोघे-तिघे नकाशा उघडून बसतील.

आणि रविवारी निघण्यापूर्वी एक स्केड, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भेटायचा बेत, ठरवूनच निघा. म्हापशाचा असो, सावंतवाडीचा असो, कोणीही चालेल, पण नक्की माणूस. वहीत त्याच्यासमोर लिहून घ्या: कॉलसाइन, तारीख, भारतीय वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, आणि पोलरायझेशन. शेवटची गोष्ट लोक हटकून विसरतात. एफएमवर अँटेना उभी धरायची पद्धत आहे, एसएसबीवर आडवी. एकाची उभी आणि दुसऱ्याची आडवी राहिली तर वीस डीबीच्या आसपास सिग्नल जातो, आणि दोघेही आपापल्या रिगला दोष देत बसतात. तुमच्याकडे हँडी आणि हाताने केलेली यागी आहे, म्हणजे एफएम, म्हणजे उभी. पहिल्या स्केडला एवढे पुरते. ७३ (हॅम लोकांच्या भाषेत शुभेच्छा).